रेशन द्यावं की बियाणं? आधी त्या घरातून काय विकायला निघालंय ते बघा

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाव सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागात, तुम्ही पुण्यात नोकरीला. गावच्या पोरांनी मिळून अडीच लाख रुपये जमवलेत. गेल्या वर्षी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हाती लागला नाही, यंदा बाजरी दुबार पेरूनही करपली. पस्तीस घरांची यादी तयार आहे आणि तुमच्यात दोन मतं पडलीत. काहींना रेशनची किट वाटायची आहेत. बाकीच्यांचं म्हणणं, किट महिन्याभरात संपेल, त्यापेक्षा बियाणं-खत, शेळ्या किंवा डाळिंबाची रोपं द्यावीत, म्हणजे माणसं कायमची पायावर उभी राहतील.

माण, आटपाडी आणि जत या पट्ट्यात मी बरीच वर्षं बचत गटातल्या बायकांबरोबर आणि कोरडवाहू शेतकरी घरांबरोबर काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते. सगळ्यांना एकच वस्तू वाटायची असेल, तर दोन्ही मतांतून निम्मे पैसे वाया जातील. यादीतल्या प्रत्येक घराबद्दल आधी एक गोष्ट शोधून काढा: येत्या दोन-तीन महिन्यांत पोटासाठी हे घर काय विकणार आहे?

दुष्काळात घर एका दिवसात बसत नाही, पायरी पायरीनं खाली येतं, आणि पायऱ्या बहुतेक घरी त्याच असतात. आधी डाळ बंद होते, चहा कोरा होतो, कोरड्यास, म्हणजे कालवण, पातळ होत जातं. मग कोंबड्या जातात, मग बोकड, मग शेळी. मग गळ्यातले मणी किंवा कानातली फुलं सोनेतारणाला. मग पोरीची शाळा सुटते. मग मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे. आणि शेवटी बैल जातात किंवा जमीन गहाण पडते. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं घर एका बऱ्या सुगीनं सावरतं. शेळी विकलेल्या घराला वर यायला दोन-तीन वर्षं लागतात. जमीन गहाण पडलेली घरं वर आलेली मी फार थोडी पाहिलीत. म्हणून त्या घराला खालच्या पायरीवर जाऊ न देणं हे पहिलं काम. त्यासाठी कुठे धान्य लागेल, कुठे कडबा, कुठे ट्रॅक्टरचं भाडं, तर कुठे नुसता एक दाखला.

ही माहिती काढायची कशी? "जेवायला मिळतं का?" असं विचारू नका. आपल्याकडे कुठलंही घर त्याला "हो" असंच उत्तर देतं. तुमच्याबरोबर गावातली एखादी जाणती बाई घ्या. अंगणवाडीताई, आशाताई किंवा बचत गटांचं काम बघणारी गावातली कार्यकर्ती (सीआरपी) असेल तर फारच उत्तम. चुलीजवळ बसून तिनं विचारावं: काल रात्री काय केलं होतं? डाळ शेवटची कधी शिजली? दुकानात उधारी किती झाली? औंदा बाजाराला काय नेलं? घरात शेवटी कोण जेवतं, हेही बघा. धान्य आटलं की सासू आणि सून आधी आपलं ताट कमी करतात, आणि ते घरातल्या पुरुषालाही कळत नाही. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल असेल तर अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्या. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला तर मूल तीव्र कुपोषित आहे. ते घर यादीत सगळ्यात वर घ्या आणि मुलाला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

अशी चौकशी केली की पस्तीस घरांची यादी बदलेल. माझा अंदाज, दहा-बारा घरं खरोखर कडेला आलेली निघतील, बऱ्याच घरांना पैशांपेक्षा कागदाची मदत लागेल, आणि चार-दोन घरं पाहुण्यारावळ्यांच्या ओळखीनं यादीत आलेली असतील. जी घरं यादीत मुळीच नाहीत, ती मात्र मुद्दाम शोधा. दुसऱ्याची जमीन वाट्यानं करणारा वाटेकरी, मेंढरं घेऊन बाहेर पडलेल्या धनगराच्या घरी मागे राहिलेली म्हातारी माणसं, नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव न लागलेली बाई. पीक बुडाल्याची यादी सातबाऱ्यावरून होते, त्यामुळे ही माणसं प्रत्येक यादीतून सुटतात. सांगली जिल्ह्यातच येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्यात वाटा असावा असा आग्रह धरला होता. तुमच्या यादीला तोच नियम लावा.

आता धान्याचं. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला भाकरीवर जगायचं तर महिन्याला दहा-बारा किलो धान्य लागतं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो मोफत मिळतं, अंत्योदयच्या कार्डावर घरामागे ३५ किलो. म्हणजे प्राधान्य कार्डावरच्या पाच माणसांच्या घराला पन्नास किलो लागतात आणि पंचवीस येतात. उरलेलं शाळूतून आणि बाजरीतून यायचं, ते यंदा आलं नाही. तुम्हाला तेवढीच तूट भरायची आहे: वीस-पंचवीस किलो ज्वारी, चार-पाच किलो डाळ, तीन किलो तेल, थोडे शेंगदाणे आणि गूळ. आजच्या भावानं घरामागे महिन्याला दोन-अडीच हजारांत बसतं. पुण्यात पॅक केलेल्या किटमध्ये मैदा, शेवया, बिस्किटं येतात, ती आणू नका. माल तालुक्याच्या बाजारातून घ्या. हुलगा (कुळीथ), मटकी आणि ज्वारी तिथेच मिळेल, आणि हुलग्याचं माडगं, म्हणजे पातळ पेज, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या पोटाला चालतं. फोटो काढू नका, दादा. हात पसरतानाचा फोटो पोरांच्या शाळेपर्यंत जातो.

आणि मदत एकदाच ढिगानं देऊ नका. आपला पट्टा सह्याद्रीच्या पाठीमागे पर्जन्यछायेत आहे. साताऱ्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणला, इकडे आटपाडीत, जतला पाचशेच्या आसपास. तोही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीचा. शाळू फेब्रुवारी-मार्चला निघतो, बाजरी सप्टेंबरअखेर. त्यामुळे शाळू गेला की कणगी उन्हाळ्यातच तळाला लागते, आणि जून ते सप्टेंबर हे महिने सगळ्यात वाईट. शाळेचा खर्च, पेरणी आणि आजारपण याच महिन्यांत येतं. मुकादमाची उचलही याच काळात घरात येते. उचल म्हणजे घरानं पुढच्या पाच-सहा महिन्यांची मेहनत आधीच विकलेली असते, आणि पोरंही बरोबर कारखान्याच्या तळावर जातात. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये घरात धान्य असलं तर काही घरं उचल घेतच नाहीत, काही निम्मी घेतात, आणि निदान थोरली पोरगी शाळेसाठी मागे राहते. तेच धान्य दिवाळीत वाटलं तर उचल कधीच खर्चून गेलेली असते.

शेळ्यांबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या घरातून शेळी निघाली आहे त्या घरात नवी शेळी देऊ नका, आहे ती टिकवा. चारा-पाणी नाही म्हणून विकायला काढलेल्या घरात दुसरी बांधली तर तीही दोन महिन्यांत बाजारात दिसेल. गाभण शेळी दुष्काळात मिळेल त्या भावानं जाते, आणि दोन वर्षांत तीन वेतं देणारं जनावर घरातून कायमचं जातं. तेवढ्याच पैशात तिला चार महिने सांभाळता येतं. थोडा कडबा, थोडी भरड, आणि आंत्रविषार व पीपीआर या रोगांची लस. लशीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात गावाची एकत्र मागणी द्या, ते गावात येऊन टोचून जातात. माडग्याळी मेंढी तर तुमच्याच तालुक्याची. या उन्हात आणि या गवतावर टिकलेलं जनावर आहे ते. बाहेरून संकरित काही आणण्याच्या भरीस पडू नका. कोणाकडे खिलार खोंड किंवा गाय विकायला निघाली असेल तर तिथेही हाच विचार करा.

बियाण्याचा आग्रह धरणाऱ्या मित्रांना एक हिशोब सांगा. शाळूचं बियाणं हेक्टरी १० किलो, म्हणजे एकराला चार किलो लागतं. चार किलो बियाण्यापाशी सहसा कोणाचं अडत नाही. अडतं ते ट्रॅक्टरच्या पाळीपाशी, म्हणजे रान तयार करून पेरून घेण्याच्या भाड्यापाशी, कारण बैल आधीच गेलेले असतात. हस्त नक्षत्राचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं, की पेरायला मोजके दिवस मिळतात. ट्रॅक्टरवाला रोख मागतो, आणि ज्याच्याकडे रोख नाही त्याची पेरणी शेवटी होते, ओल उडाल्यावर. त्यामुळे गावातल्या दोन ट्रॅक्टरवाल्यांशी आधीच बोलून या दहा-बारा घरांच्या पाळीचे पैसे तुम्ही थेट त्यांना द्या. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान साधायची.

बियाणं द्यायचंच असेल तर सगळ्यांना एकच वाण देऊ नका. हलक्या माळाच्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी, आणि फुले वसुधा फक्त भारी काळ्या रानाला. माळावर वसुधा पेरली तर दाणा भरायच्या वेळी ओल संपते. किलोला चार ग्रॅम गंधक चोळून पेरा म्हणजे कणसाला काणी रोग येत नाही. आणि काहीही झालं तरी ओल येण्याआधी बियाणं वाटू नका. घरात खायला नसेल तर बियाणं दळलं जातं, आणि त्यात त्या बाईची काही चूक नाही. धान्य आधी पोचलं पाहिजे ते याचसाठी. पाऊस पडायच्या आत रानात वाफे पाडून घेतले तर पडलेलं पाणी तिथेच मुरतं. पुढे तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी झाली की भेगा बुजतात आणि ओल टिकते. ती कोळपणी घरची माणसं करतील, फक्त ती ऊसतोडीला गेलेली नसावीत.

पुढच्या खरिपासाठी धनशक्ती बाजरीचा विचार करा. तिच्यात लोह जास्त आहे आणि ती संकरित नाही, त्यामुळे नीट निवडून ठेवलेलं बियाणं पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. बाजरीत तुरीच्या किंवा मटकीच्या ओळी टाकल्या तर बाजरी गेली तरी घरात डाळ येते.

डाळिंबाची रोपं मात्र आत्ता नकोत. पाणी, औषधं आणि दोन-तीन वर्षं थांबायची ऐपत लागते. आटपाडी-सांगोला पट्ट्यात डाळिंबानं माणसं उभी केली हे खरं, पण तेल्या आणि मर या रोगांनी आणि खोडकिडीनं बागा काढायला लागल्या तेव्हा लाखोंच्या कर्जात गेलीही. तासगावकडे द्राक्षाला अवकाळीनं जे केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. उपाशी घराला सगळ्यात जोखमीचं पीक देऊ नये. पुढे म्हैसाळच्या विस्तारित योजनेचं, म्हणजे उचलून आणलेलं कृष्णेचं, पाणी शिवारात खेळायला लागलं की तेव्हा बोलू. आणि तेव्हाही घरच्या भाकरीचं रान बाजूला ठेवूनच.

आता कागदपत्रांकडे येते. तुमच्या गटातल्या शिकलेल्या पोरांचा खरा उपयोग इथे आहे. अडीच लाखांपेक्षा जास्त रक्कम या पस्तीस घरांची सरकारी खात्यांत अडकलेली असू शकते. दुष्काळाची मदत केंद्राच्या निकषानं जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, नुकसान ३३ टक्के किंवा त्याच्या वर असेल तर. राज्य सरकार काही वेळा त्यात भर घालतं. पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर पैसे अडतात, आणि ती नोंद ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाइलच्या अ‍ॅपवरून, होते. म्हाताऱ्या माणसाकडे स्मार्टफोन नाही, रेंज नाही, पाहणी राहून जाते. खरिपाची पाहणी सध्या सुरू असेल. शनिवार-रविवारी चार पोरं बांधावर गेली तर दोन दिवसांत काम होईल. त्याच फेरीत शेतकरी ओळखपत्र निघालंय का, आधार बँकेला जोडलंय का, हे बघून घ्या. जमीन भावांत सामाईक असेल तर त्यांचं संमतीपत्र लागतं. भाऊ मुंबईला असेल तर गणपतीला येईल तेव्हा सही घ्या.

वारसनोंद ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. नवरा जाऊन चार-चार वर्षं झाली तरी बाईचं नाव लागलेलं नसतं, आणि तोवर तिला ना पीक कर्ज, ना विमा, ना नुकसानभरपाई. सासरच्यांचं मन वळवावं लागतं आणि ते बाहेरच्या माणसाला जमतंच असं नाही. गावातला एखादा मोठा माणूस किंवा तिचा भाऊ बरोबर घ्या. रेशनचंही तसंच. सून आणि नातवंडांची नावं कार्डावर चढलेली नसतात, म्हणजे सात माणसांच्या घराला चार माणसांचं धान्य येतं. नावं चढवण्याचा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्या आणि तारखेची पोच घ्या. ऊसतोडीला गेलेल्यांना तिथल्या दुकानातही धान्य उचलता येतं, हे त्यांना निघण्याआधी सांगा. निराधार बाईला संजय गांधी निराधार योजना, वडील नसलेल्या मुलांना बालसंगोपन योजना, आणि काम हवं असेल त्यांना रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी. तोंडी मागणीला अर्थ नाही. पीक विम्याचे नियम गेल्या काही वर्षांत वरचेवर बदललेत, म्हणून चालू हंगामाचे नियम कृषी सहायकाकडूनच घ्या, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

कर्जाचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. जमवलेल्या पैशातून कोणाचं कर्ज फेडू नका. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता तुम्ही भरलात तर पुढच्या महिन्यात त्याच दारात नवं कर्ज उभं राहतं. पण हप्त्यासाठी शेळी किंवा भांडी निघत असतील, तर त्या काळातलं धान्य तुम्ही दिल्यानं घरात तेवढे रोख पैसे सुटतात, आणि बाईचा हप्ता तिच्याच पैशातून जातो. खासगी सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर ती गोष्ट वेगळी. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळू शकते. त्यात धमक्या येतात, म्हणून एकट्या घराला पुढे करू नका, आधी वकिलाशी बोला. आणि कर्जापायी एखादा माणूस बोलेनासा झाला, पारावर यायचा थांबला, रात्री जागा राहू लागला असं कळलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच्याकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्या बायकोच्या फोनमध्ये घालून द्या.

मी सांगितलं ते सगळं पूर्व भागाच्या कोरड्या रानाला लागू पडतं. कृष्णा-वारणाकाठी, पलूस-मिरजेकडे कोणी हे वाचत असेल तर तिथली गोष्ट निराळी. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा बागायतदारांचा ऊस कुजला, पण आधी उपाशी पडली ती त्या उसात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, जाणारी मजूर घरं. तिथे पहिल्या महिन्यात रोख मदत आणि घराची डागडुजी जास्त उपयोगी पडते. पाटणच्या डोंगरात दरड कोसळली तर जमीनच राहत नाही, तिथे माझे हे हिशोब चालणार नाहीत.

तुमच्या अडीच लाखांचं मी असं करेन. बारा घरांना ऑगस्ट ते ऑक्टोबर तीन महिन्यांची धान्याची तूट, साधारण ऐंशी-नव्वद हजार. पेरणीच्या पाळ्या आणि लागेल तिथे बियाणं, तीस-चाळीस हजार. शेळ्या-मेंढ्यांचा आत्ताचा चारा आणि औषधं, पंचवीस-तीस हजार. कागदपत्रांसाठीच्या फेऱ्या, झेरॉक्स आणि जीपभाडं, पंधरा हजार. अचानक दवाखाना निघाला तर म्हणून वीस हजार गावातल्या एखाद्या विश्वासू बचत गटाकडे ठेवा आणि त्याचा हिशोब बायकांनाच लिहू द्या. उरलेले साठ-सत्तर हजार आत्ता खर्चू नका. "पैसे पडून का ठेवलेत?" असं देणगीदार विचारतील, त्यांना कारण आधीच सांगून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळू निघतो तेव्हा कडबा वर्षातला सगळ्यात स्वस्त असतो, मे महिन्यात त्याच पेंढीला दुप्पट मोजावे लागतात. हे राखलेले पैसे तेव्हा कडब्याला लावा. यंदा तुमच्याकडे शाळू पिकला नाही तर कडबा मंगळवेढ्याकडून आणा. गंजी रचायला उंचावरची जागा आणि वरून झाकायला ताडपत्री लागेल, तेवढी सोय दिवाळीला गावी जाल तेव्हा बघून ठेवा.